पेंढ्याचं पारडू

सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, एका सपाट कातळी सड्यावर, हिरडसडा नावाचा धनगरवाडा होता. अठरा घरं, दोनेकशे म्हशी, आणि खाली बाजाराच्या गावाला उतरायला एकच वाट, तीही खिंडीतून. या वाड्यावर श्री दरेबुवा महाराज एका मार्गशीर्षात आले आणि पौष सरेपर्यंत राहिले. महाराजांचं मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. दऱ्यांमधून चालत यायचे, दऱ्यांमधून निघून जायचे, म्हणून लोक दरेबुवा म्हणत. त्यांच्या पायधुळीने सडा पावन झाला असं आज आपण हात जोडून म्हणतो. त्या वेळी मात्र त्यांना बसायला साधं गोणपाटही कोणी दिलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. संतांच्या गोष्टीतलं गाव भाविकच असतं असं सांगायची आपल्याकडे एक खोड आहे. हिरडसडा भाविक नव्हता. हिरडसडा संशयी होता.

पौषातली थंडी त्या उंचीवर हाडात शिरते. पहाटे गवतावरचं दव पांढरं होऊन पायाखाली करकरायचं. घागरीतल्या पाण्यावर पापुद्रा धरायचा, तो बोटाने फोडून बायका नाचणीचं पीठ मळायच्या. टाचांच्या भेगांत कोकमाचं तेल तापवून भरायच्या. म्हशींच्या पाठीवर गोणपाटं टाकलेली असायची, त्यातूनही वाफा निघायच्या. सूर्य कड्याआडून उशिरा वर यायचा आणि तोवर अठराही घरांची दारं लावलेली. बंद दाराआड चुलीपुढे बसलेल्या माणसाला काम नसलं की तो शेजाऱ्याचा विचार करतो, आणि चांगला विचार क्वचितच करतो. कोणाच्या गंजीतलं गवत कमी झालं, कोणाचं लोणी एकाएकी वाढलं, कोणाची लेक ओढ्यावर इतका वेळ का थांबली, हेच त्या वाड्याचं हिवाळ्यातलं काम होतं.

या कामात सगळ्यांच्या पुढे होता कोयाजी ढेबे. तो वाड्याचा कारभारी. त्याच्या गवताच्या गंजीला बांधलेल्या सुंभाची गाठ वेगळी असायची, म्हणजे कोणी सोडून पुन्हा बांधली तर त्याला लगेच कळावं. दुधाच्या चरवीला आतून तो नखाने खूण करायचा. पाहुणा आला की आधी त्याच्या पायांकडे बघायचा आणि नंतर तोंडाकडे. बायकोने भाकरी वाढली तरी ती उलटी करून बघायचा. आणि वाड्यावरचे लोक त्याला काय म्हणायचे? हुशार.

महाराज आले त्या दिवशी कोयाजी काठी घेऊन चौकशीला गेला. महाराज सड्याच्या टोकाला, हिरड्याच्या झाडाखालच्या एका पडक्या खोपीत बसले होते. अंगावर एक काळी घोंगडी, बाकी काही नाही.

"कुठनं आलात?" कोयाजीने विचारलं.

"खालून."

"आन जानार कुठं?"

"वर."

"वर काय न्हाई. निस्ता कडा हाय."

"मग इथंच राहतो," महाराज म्हणाले.

कोयाजीला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. ज्या माणसाजवळ झोळी नाही, चिमटा नाही, चेला नाही आणि जो काही मागतही नाही, तो साधू कसला? त्याच्या मते हा गुरं पळवणाऱ्या टोळीचा माणूस होता. आधी येऊन म्हशी मोजायच्या, वाट बघून ठेवायची, मग एखाद्या धुक्याच्या दिवशी सगळं हाकलून न्यायचं. त्याने वाड्याला बजावलं की बुवाची खात्री पटेपर्यंत कोणी त्याला घासभर अन्न द्यायचं नाही. तेव्हापासून तो आपल्या म्हशी दिवसातून दोनदा मोजू लागला. अठरा घरांनी मान डोलावली. थंडीत एक म्हातारा माणूस उपाशी बसलाय हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांनी मान डोलावली.

फक्त धुरपाने डोलावली नाही.

धुरपा कोकरे ही वाड्याच्या शेवटच्या घरातली विधवा. मुलगा नव्हता. एक लेक होती, शेवंती, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गोठ्यात एकच म्हैस, भुरी. ती म्हातारी होऊन चार वर्षं भाकड पडली होती. खालचा खाटीक दर हिवाळ्यात वर यायचा तेव्हा वाड्यावरचे लोक धुरपाला सांगायचे की देऊन टाक, कशाला गवत घालतेस फुकट. ती म्हणायची की अकरा वर्षं हिने माझी पोर पोसली, आता हिला सुरीखाली कशी देऊ? मग लोक हसायचे. कोयाजी सगळ्यांत मोठ्याने हसायचा आणि विचारायचा की धुरपे, म्हशीला सासू करून घेतलीस काय.

ही धुरपा पहिल्याच दिवशी नाचणीची पेज घेऊन खोपीत गेली होती. नंतर रोज गेली. कोयाजीने दटावलं तेव्हा तिने पदर सावरून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिला वाड्याने वेडी ठरवली. वेडीच्या नादाला कोण लागणार? इथवर ठीक होतं.

पौष अर्ध्यावर आला तेव्हा कोयाजीला दिसलं की धुरपाच्या हातात पेजेचं भांडं नाही. पदराखाली झाकलेला तांब्या आहे आणि त्यातून वाफ निघते आहे. त्याने वाट अडवून पदर बाजूला करायला लावला. तांब्यात दूध होतं. धारोष्ण, फेसासकट.

कोणाच्या म्हशीचं, असं त्याने विचारलं. धुरपा मान खाली घालून त्याच्या बाजूने निघून गेली. ती तिथेच फसली. पण तिने सांगायचं तरी काय? दोन डोंगरांपलीकडच्या वाड्यावर एका बाईला चेटकीण म्हणून घरासकट जाळायला निघाले होते. तिचा गुन्हा एवढाच की पाऊस नसताना तिच्या परसातलं एक झाड हिरवं राहिलं होतं. या डोंगरात बाईच्या दारी काही चांगलं झालं तरी तिला ते लपवावं लागतं.

आता कोयाजीच्या गोठ्यातली गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर त्याच्या संशयाचं मूळ कळणार नाही. त्याची चांदी नावाची म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, वाड्यात सगळ्यांत दुधाळ. तिचं पारडू कार्तिकात हगवणीने मेलं. पारडू गेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग गवळी करतात तेच कोयाजीने केलं. पारडाचं कातडं सोलून त्यात पेंढा भरला, चार काठ्यांचे पाय केले, सुंभाने पोट शिवलं आणि ते धारेच्या वेळी चांदीपुढे उभं केलं. चांदी ते चाटायची, हुंगायची, डोळे मिटायची आणि पान्हा सोडायची. कोयाजीची बायको बायजा खाली बसून धार काढायची. दिवसाला सहा शेर दूध.

पौषात ते पाच शेरांवर आलं. मग चारांवर, मग तिनावर. बायजाने नवऱ्याला सांगून बघितलं की धुक्याने कातडं सडायला लागलंय, त्याचा वास उडालाय, आता ते चांदीला पटत नाही. निदान मीठ तरी चोळा त्याला. अठरा घरांतल्या कोणत्याही गवळ्याला हे कळलं असतं. कोयाजीलाही कळत होतं. पण ज्याला चोरच हवा असतो त्याला कातड्याचा वास पुरत नाही. तो बायजावर खेकसला की तुला काय कळतंय, आणि रोज दिवस मावळताना गोठ्याभोवती चुलीतली राख पसरू लागला. सकाळी बघायचा तर राखेत कुत्र्याचे पाय, कोंबडीचे पाय आणि त्याचे स्वतःचे. चोराचं पाऊल नाही. यावरून त्याने काय ठरवलं असेल? चोर फार पोचलेला आहे.

तांब्यातलं दूध दिसल्यावर त्याची खात्रीच झाली. भाकड म्हशीच्या मालकिणीकडे दूध, आणि दुधाळ म्हशीच्या मालकाकडे तूट. तो तडक खोपीत गेला.

"बुवा, दूध कुठनं येतं तुमाला?"

"धुरपा आणते."

"तिला कुठनं येतं?"

"म्हशीकडून," महाराज म्हणाले. मग त्याच्याकडे नीट बघत म्हणाले, "कोयाजी, तू दूध शोधतोस का चोर?"

"दोनी."

"दोन्ही एका जागी सापडायचे नाहीत, बाबा. एकच काय ते ठरव."

कोयाजीला वाटलं, बुवाला घाम फुटला. त्याने दुसऱ्याच दिवशी वाडा जमवला.

उजाडताना अठरा घरांची माणसं घोंगड्या पांघरून कोयाजीच्या अंगणात उभी राहिली. तोंडातून वाफा, पायाखाली पांढरं झालेलं गवत. धुरपाला मध्ये उभं केलं. कोयाजीने सगळं मांडलं, एकेक दिवस, एकेक शेर. वाडा ऐकत होता आणि धुरपाकडे बघत होता. बिरू आखाडे नावाचा म्हातारा, ज्याला दोन वर्षांपूर्वी तापात धुरपानेच पेज भरवली होती, तो म्हणाला की मला आधीच वास आला होता.

मग धुरपाने लपवणं सोडलं. ती म्हणाली की पहिल्या आठवड्यात महाराजांनी मला विचारलं, गोठ्यात म्हैस आहे ना, मग तिचं दूध का आणत नाहीस? मी म्हटलं, महाराज, ती भाकड आहे. तर म्हणाले, कास धुऊन बसून तर बघ. मी बसले. आणि भुरीने तांब्याभर दूध दिलं. रोज तेवढंच देते. त्यातलं अर्धं महाराजांना, अर्धं शेवंतीला. यापलीकडे माझ्याजवळ काही नाही.

अंगणात हसू पसरलं. चार वर्षांची भाकड म्हैस! कोणीतरी म्हणालं, माझ्या रेड्याकडे पण बुवाला पाठवा. कोयाजीने भुरीला आणायला लावलं. थंडीने कुडकुडत, हाडं वर आलेली ती म्हातारी म्हैस माणसांच्या गराड्यात येऊन उभी राहिली. धुरपाने कोमट पाण्याने कास धुतली, मनात महाराजांचं नाव घेतलं आणि आचळाला हात घातला.

एक थेंब आला नाही.

तिने पुन्हा ओढून बघितलं. भुरीने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि खाली घातली. आता कोणी हसलं नाही.

धुरपाने देवाचा भंडारा मागितला. धनगराच्या घरी भंडारा उचलून बोललेला शब्द शेवटचा असतो, त्यापुढे कोणी विचारत नाही. तिने हळद मुठीत धरली आणि सांगितलं की चांदीच्या आचळाला माझा हात लागला असेल तर माझ्या लेकीचं बाळ मला पुन्हा दिसू नये. शेवंती बाळंत होऊन तेव्हा दहाच दिवस झाले होते. ही शपथ ऐकून दोन बायकांनी तोंड फिरवलं. पण कोयाजी म्हणाला, "भंडारा चोरबी उचलतो." वाड्याच्या कारभाऱ्याने देवाच्या भंडाऱ्यावर संशय घेतला आणि अठरा घरांनी तोही ऐकून घेतला.

मग त्याने आपला डाव टाकला. म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. चांदी तर पेंढ्याचं पारडू पुढे असल्याशिवाय बायजालाही सोडत नाही. तेव्हा पारडू बाजूला ठेवायचं आणि धुरपाने चांदीखाली बसायचं. हात ओळखीचा असेल तर म्हैस स्वतः सांगेल. धुरपाचा चेहरा हे ऐकून उजळला. तिला वाटलं, सुटले. माझा हात चांदीला माहीतच नाही. ती आपणहून गोठ्यात गेली, खाली बसली.

तिने हात लावला आणि चांदीने पान्हा सोडला. चरवीत धारा वाजायला लागल्या. धुरपाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला, तरी आचळांतून दूध ठिबकतच राहिलं.

"बघितलंत?" कोयाजी एवढंच बोलला.

निकाल लागायला वेळ लागला नाही. सूर्य डोक्यावर यायच्या आत धुरपाने खिंड उतरून जायचं, पुन्हा सड्यावर पाय ठेवायचा नाही. वाड्यातून काढलेल्या घराची चूल विझवायची रीत होती. दोन गडी गेले आणि त्यांनी घागरीतलं बर्फासारखं पाणी तिच्या चुलीत ओतलं. शेवंती बाळाला घोंगडीत गुंडाळून अंगणात येऊन बसली. दहा दिवसांचं पोर, खिंडीतला वारा, आणि खाली पहिलं घर यायला तीन तासांची उतरण. त्या पोराचं काय होणार हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. कोयाजीलाही कळत होतं. त्याची नजर एकदा त्या घोंगडीकडे गेली, पण चोरी ती चोरी, असं म्हणून त्याने ती दुसरीकडे वळवली.

त्या वेळी महाराज खोपीतून बाहेर आले. महिन्याभरात ते पहिल्यांदाच वाड्यात येत होते. पांढऱ्या पडलेल्या गवतातून अनवाणी चालत आले आणि थेट कोयाजीच्या गोठ्याच्या दारात उभे राहिले.

"दूध मीही प्यायलोय," महाराज म्हणाले. "चोरी असेल तर वाटेकरी मी आहे. माझाही हात लावून बघा."

कोणी उत्तर द्यायच्या आत ते चांदीखाली बसले. धारा लागल्या. चरवी भरली.

"म्हंजी दोघं मिळून करत व्हता," कोयाजी म्हणाला.

"असं म्हणतोस? मग तिसऱ्याला बसव." महाराजांनी बिरू म्हाताऱ्याला बोलावलं. बिरू मागे सरकू लागला. त्याच्या हाताला कंप होता, वर्षानुवर्षं त्याने धार काढली नव्हती. त्याला बसवलं. त्याच्या थरथरत्या बोटांतून दूध असं आलं की त्याच्या धोतरावर उडालं.

महाराज म्हणाले, "पुढचा या."

एकेक जण बसू लागला. चूल विझवून आलेले ते दोन गडी बसले. मघाशी रेड्यावरून बोलणारा बसला. बायका बसल्या. चरवी भरली, कळशी भरली, घागरी आणल्या त्या भरल्या. शेजारपाजारून भांडी येत राहिली. तीन शेरांवर आलेली ती म्हैस, पुढ्यात पारडू नाही, वैरणीची काडी नाही, आणि अठरा घरांची भांडी भरत होती. काय ते दर्शन! गोठाभर दुधाची ऊब पसरली, माणसांच्या कोपरांपर्यंत फेस आला. डोळे मात्र कोणी वर उचलत नव्हतं. कोयाजीचाच नियम धरला तर आता सगळा वाडा चोर होता. आणि खोड किती मुरलेली असते बघा, तेवढ्यातही दोघंतिघं एकमेकांकडे बघायला लागले, की याच्या हाताला इतकं दूध कसं काय?

शेवटी बायजाही बसली, तिलाही मिळालं. मग महाराज वळले.

"कोयाजी, म्हैस तुझी आहे. आता तू बस."

कोयाजी बसला. आयुष्यभर म्हशी राखलेला माणूस, त्याचा हात सगळ्यांत जाणता. त्याने कास चोळली, अंगठा आत घेऊन आचळ दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. कोरडं. मघापर्यंत ठिबकत असलेली चांदी त्याच्या हाताखाली दगडासारखी उभी होती. त्याने कपाळ तिच्या कुशीला टेकवलं, तिला नावाने हाक मारली, जिभेने चुचकारलं. अठरा घरं बघत होती. त्याचे कान तापले. त्याने बायजाला ओरडून पारडू आणायला लावलं.

बायजाने ते आणून चांदीपुढे उभं केलं. चांदीने मान पुढे केली, एकदाच हुंगलं आणि कपाळाने ते हळूच ढकललं. ते आडवं पडलं. सडलेला सुंभ तुटला आणि पोटातला पेंढा बाहेर आला. चांदी तिथेच उभी राहिली आणि कोयाजीकडे बघत राहिली.

कोयाजी त्या पेंढ्याकडे बघत बसला. त्याचे हात मांडीवर पडले होते. या हातांनी त्याने ते कातडं सोललं होतं, शिवलं होतं, अडीच महिने रोज त्या मुक्या जिवापुढे उभं केलं होतं. त्याला आता पहिल्यांदाच वाटलं की म्हैस आपल्याला ओळखते, आणि त्याची त्याला लाज वाटली.

महाराज त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि इतक्या हळू बोलले की लोकांना ऐकायला पुढे वाकावं लागलं. "तुला वाटलं, तिला कळत नाही. कोयाजी, जिने पोटात वाढवलं तिला पेंढा आणि पोर यांतला फरक कळत नाही होय? पहिल्या दिवशीच कळलं तिला. तरी तिने दूध दिलं. तुझ्या घरात खाणारी तोंडं आहेत म्हणून दिलं. फसवलेली ती, आणि राखेत पावलं तू शोधत होतास."

"मी सांगितलं व्हतं यांना," बायजा म्हणाली. तीस वर्षांत ती चारचौघांत पहिल्यांदा बोलली असेल. "वास उडालाय म्हटलं व्हतं. ऐकलं न्हाई."

कोयाजी पुढे सरकला आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"इथं काय आहे? चूल तिकडे विझलीय. पोर उघड्यावर आहे."

कोयाजी उठला. स्वतःच्या चुलीतले निखारे त्याने खापरावर घेतले आणि वाऱ्यापासून हाताने आडोसा धरत शेवटच्या घराकडे चालू लागला. वाडा मागे उभा होता, त्याला कोणी सोबत केली नाही. हेच ते लोक, सकाळी त्याच्या शब्दाला मान डोलावणारे. धुरपाचं घर ठेंगणं, दारातून वाकूनच आत जावं लागे. आत चुलीत चिखल झाला होता. त्याने निखारे ठेवले, ते चर्र करून काळे पडले. तो पुन्हा गेला, पुन्हा आणले, तेही विझले. तिसऱ्या खेपेला तो चुलीपुढे गुडघ्यांवर बसून राहिला तेव्हा दारात धुरपा येऊन उभी होती. तिने काही वेळ बघितलं.

"वल्या राखंवर धरायचं न्हाई, कारभारी," ती म्हणाली. "खालची राख काढा आदी."

त्याने दोन्ही हातांनी ती ओली राख उपसली. कोपरांपर्यंत काळा झाला. धुरपाने छपरातून सुकं गवत ओढून दिलं, वाळल्या शेणीचा तुकडा दिला. तो फुंकायला वाकला. जमिनीलगत गाल टेकेपर्यंत वाकला, कारण त्याशिवाय त्या चुलीच्या तळाशी फुंकर पोचत नव्हती. धुराने डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते धुराचं राहिलं नाही. "वहिनी," तो तसाच वाकलेला म्हणाला, "माजं चुकलं." जाळ धरल्यावर धुरपाने बाहेर जाऊन लेकीला आत आणलं आणि चुलीजवळची जागा दिली. कोयाजी बाजूला सरकला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना भुरीने पुन्हा तांब्याभर दूध दिलं. धुरपा ते घेऊन खोपीकडे निघाली, या वेळी पदराखाली न झाकता. तिच्या मागून कोयाजी लाकडांची मोळी घेऊन येत होता. थंडीचे दिवस, महाराजांच्या खोपीत शेकोटी नव्हती, आणि महिनाभर हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने मोळी दाराशी उतरवली आणि आत न जाता तिथेच उभा राहिला.

धुरपाने तांब्या पुढे ठेवला. रात्रभर तिच्या मनात एकच गोष्ट सलत होती, ती तिने विचारून टाकली. "महाराज, आज भुरीनं दिलं. काल का न्हाई दिलं? काल दिलं असतं तर माज्या लेकीला अंगनात बसाया लागलं नसतं. मी तुमचंच नाव घेतलं व्हतं."

ती रागावली होती. तिला रागवायचा हक्क होता, आणि महाराजांनी तो मानला.

"धुरपे, काल भुरीने दूध दिलं असतं तर तू सुटली असतीस," महाराज म्हणाले. "कोयाजी सुटला नसता. त्याने दुसरा चोर शोधला असता. तुझ्या लेकीला थंडी लागली त्याचा दोष माझ्याकडे. पण त्याला एकट्याला त्या संशयात सोडून मला जाववेना."

कोयाजीने हे दाराबाहेरून ऐकलं. ज्याच्यावर त्याने गुरं चोरायचा आळ घेतला होता, ज्याला घासभर अन्नही देऊ नका असं त्याने वाड्याला बजावलं होतं, तो म्हातारा महिनाभर थंडीत त्याच्यासाठीच बसला होता. तो वाकून खोपीत आला, गोठलेल्या मातीवर गुडघे टेकले आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

या खेपेला महाराजांनी पाय मागे घेतले नाहीत.